मुक्कामी गाडीच्या काचेवरची नोटीस

मंगळवार, २३ जुलै २०२४. संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे.

नोटीस बोर्डाच्या काचेआड शिरलेलं पाणी फडक्यानं टिपत होतो, तेव्हा प्राचार्य सरांनी आत बोलावलं. माझ्या हातात फडकं तसंच राहिलं आणि त्यांच्या टेबलावर दोन थेंब पडले. मीच बाहीनं पुसले.

वही नवी आहे म्हणून आधी लिहून ठेवतो. मी संगमेश्वर, उदगीरकडचा. मुखेडच्या या कॉलेजात ठेक्यावर शिपाई आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलं. अक्षर बरं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही म्हणून नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाहीतर घंटा आणि कुलपं एवढंच होतं.

काल जे झालं त्याबद्दलच सरांनी बोलावलं होतं. काल पहाटेपासून पाऊस होता. सुट्टीचा हुकूम तहसीलमधून आला सव्वानऊला. तोवर खेड्यांतली पोरं येऊन बसली होती. सगळी भिजलेली, मुली ओढण्या पिळून राहिलेल्या. सुट्टी म्हटल्यावर परत जायला गाडी नाही. सावळखेडचे एक पालक मलाच म्हणाले, "सुट्टी द्यायची तर रात्री द्या की. लेकरू भिजवून सुट्टी देता व्हय?" मी मान खाली घातली.

सर म्हणाले, "संगमेश्वर, सुट्टीची खबर आदल्या दिवशी गावात पोचली पाहिजे. कशी पोचवायची ते बघ."

आमच्याकडची रीत अशी: वरून हुकूम येतो, मी नोटीस लिहितो, सर सही करतात, हेडक्लार्क उमाशंकर काका जावक नंबर टाकून गोल शिक्का मारतात, मग फोटो ग्रुपवर जातो. पण पाऊस लागला की खेड्यात लाइट जाते, लाइट गेली की टॉवर बंद. सावळखेडला तर ग्रुपवरचं दोन दोन दिवसांनी पोचतं. तिथल्या सहा मुली आपल्याकडे आहेत. त्यांची गाडी मुक्कामी आहे, म्हणजे संध्याकाळी इथून जाते, रात्री गावच्या चौकात उभी राहते आणि सकाळी सहाला त्यांना घेऊन निघते. मधे नदीवर बुटका पूल.

म्हणजे खबर गाडीबरोबरच गेली पाहिजे. हे सुचल्यावर बरं वाटलं. आता रीत बसवायची आहे.


बुधवार, २४ जुलै

सकाळी कोरडं होतं. सर विद्यापीठाच्या बैठकीसाठी नांदेडला गेले.

चार वाजता उमाशंकर काका मोबाइल बघत म्हणाले, "रेड अलर्ट हाय उद्या. शंभर टक्के बंद. लिहून ठेव."

मी म्हणालो, "काका, उद्या पेपर आहे ना? जुन्या अभ्यासक्रमाचा?"

"कॉलेजच बंद तर पेपर कसला? पुढं ढकलतेत. दरसाली ढकलतेत."

सरांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बैठकीत असतील. मी नोटीस लिहून ठेवली: उद्या गुरुवार, दि. २५ जुलै रोजी अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे महाविद्यालय बंद राहील. कोऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात. मग काकांना शिक्का मागितला.

काका म्हणाले, "सही आन, शिक्का घे."

"सर नाहीत ना."

"मग शिक्का बी न्हाई. माझी नोकरी पंचवीस सालाची हाय, तुझी पंचवीस दिवसाची." (माझी दहा महिन्यांची आहे.) आणि ते कपाटाला कुलूप लावून, चावी कनवटीला खोचून घरी गेले.

गाडी साडेसहाला सुटते. सहापर्यंत सरांचा फोन लागला नाही. आभाळ धर्माबादच्या अंगानं काळंकुट्ट झालं होतं. मला सोमवारचे ते पालक दिसायला लागले. शेवटी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टँडवर गेलो.

ड्रायव्हर शेषेराव मामा गाडीच्या पायरीवर बसून भजी खात होते. नोटीस लांब धरून वाचली.

"तुमचं कॉलेज बरं हाय बाबा. आभाळ आलं की बंद. आमच्या डेपोला काऊन सुचत न्हाई हे?"

मी म्हणालो, "मामा, चौकात सगळ्यांना दिसेल असं लावा."

"मागच्या काचंला लावतो. रातभर गाडी तिथंच ऱ्हाते, समदं गाव वाचतंय." त्यांनी चिकटपट्टी काढून आतून चारी कोपरे स्वतः चिकटवले. भज्याच्या तेलाचा एक डाग पडला कागदावर. तो मला आवडला नाही.

गाडी गेली. खोलीवर येऊन भात टाकला. आज पहिल्यांदा एक काम वेळेआधी झालं असं वाटलं.

पुढे लिहायला हात होत नाही, पण लिहितो. साडेआठला सरांचा फोन आला. "संगमेश्वर, नीट ऐक. उद्या तास बंद, पण पेपर होणार. विद्यापीठानं ठरवलंय. दहाचा पेपर दहालाच. ग्रुपवर टाक."

मी "हो सर" म्हणालो. गाडीबरोबर नोटीस गेल्याचं सांगितलं नाही.

ग्रुपवर टाकलं. सावळखेडच्या एकीलाही पोचलं नाही. सहाही जणींना फोन लावले, बंद. शेषेराव मामांचा बंद. सरपंचांचा बंद.

त्या सहा जणींत पुनम आहे. तिचा अर्थशास्त्राचा एकच पेपर राहिलाय आणि जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची संधी. हा चुकला तर तीन वर्षं गेली, पुन्हा पहिल्यापासून. हॉल तिकीट घेताना तिनं मला विचारलं होतं, "भैय्या, यानंतर खरंच पुन्हा देत नाहीत का?" मी नियम दाखवला होता. मीच.

लातूरला तिला एका दवाखान्यात कामावर घेतो म्हणालेत, पण पदवी दाखव म्हणतात.

गावाकडून अव्वाचा (आईचा) फोन आला. जेवलास का म्हणाली. जेवलो म्हणालो. भात तसाच आहे.


गुरुवार, २५ जुलै. पहाटेचे साडेचार.

झोप नाही. दानम्मा मावशी कॉलेजात झाडझूड करतात, त्यांच्या मुलाची, आदर्शची, मोटरसायकल मागायला जातो. गाडी सहाला रिकामी निघायच्या आत सावळखेडला पोचलो पाहिजे. रस्ता वाईट आहे. मला मोटरसायकल फार येत नाही.


त्याच दिवशी, संध्याकाळी

क्रमानं लिहितो, नाहीतर सुटेल.

आदर्शनं चावी दिली, पण दोनदा विचारलं, "गिअर येतेत ना नक्की?" मावशी दारातून म्हणाल्या, "दे रे, पोराचं तोंड बघ की. कुणी वारलंय का रे संगू?" मी नाही म्हणालो.

पाऊस नव्हता. तेच जास्त बोचत होतं. आभाळ उघडं, तारे दिसतात आणि माझ्या अक्षरात अतिवृष्टी लिहिलेली.

वाटेत एका ठिकाणी चिखलात घसरलो. लागलं नाही, पण गाडी सुरू होईना. किक मारून मारून बेजार झालो. उजाडलं. घड्याळात सहा वाजून गेले. मी तिथं चिखलात उभा आणि डोक्यात एकच, की आता गाडी गावातून निघाली असेल रिकामी. शेवटी एका दूधवाल्यानं चोक ओढून दिला तेव्हा गाडी सुरू झाली.

पुलाच्या अलीकडे दोन-तीन वळणं राहिली असतील. समोरून एसटी आली, दिवे लावून. मी मोटरसायकल आडवी लावून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात वर करून. मामांनी ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"ए संगू, मरायचं असंल तर दुसऱ्या गाडीफुडं मर. माझं रिटायरमेंट जवळ आलंय."

मी म्हणालो, "मामा, पेपर आहे. मुली... परत फिरवा गाडी."

"कुठं फिरवू? मुली हायत की हितं."

मी आत चढलो. सहाही जणी बसलेल्या. पुनम खिडकीशी, मांडीवर पुस्तक, तोंडानं पुटपुटत. वर बघून म्हणाली, "भैय्या, तुमच्या शर्टाला काय झालं?"

मी विचारलं, "तुम्ही नोटीस नाही वाचली?"

"वाचली की. रात्री समद्या गावानं वाचली."

"मग आलात कशा?"

पुनम पुस्तकात बोट ठेवून म्हणाली, "शिक्का कुठं होता? गेल्या साली पोरांनी खोटी नोटीस लावली होती चाचणी चुकवायला. तवा तुम्हीच वर्गावर येऊन वाचून दाखवलं की, गोल शिक्का न्हाई ती नोटीस आपली न्हाई. माझ्या आईनं बॅटरी घेऊन बघितलं. शिक्का न्हाई म्हणली. झोप गप, सकाळी जायचंय."

मागून एक जण म्हणाली, "आणि भज्याचा डाग होता त्याच्यावर. कॉलेजची नोटीस अशी ऱ्हाते का?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो असेन. मग पायरीवर बसलो. मामांनी मागे वळून बघितलं आणि गाडी तशीच उभी ठेवली थोडा वेळ. कुणी घाई केली नाही. मोटरसायकल मग मीच हळू चालवत मागून आणली. पूर्ण रस्ताभर मागच्या काचेवरची माझी नोटीस माझ्याकडे बघत होती.

पेपर दहाला सुरू झाला. घंटा मीच दिली. पुनम पहिल्या बाकावर होती.

अकराला पाऊस आला. आला म्हणजे काय आला. पत्र्यावर असा आवाज की घंटा ऐकू जाणार नाही म्हणून एकला मी वर्गोवर्गी जाऊन वेळ संपल्याचं सांगितलं. स्टँडवरून निरोप आला की सावळखेडच्या पुलावरून पाणी गेलं, गाडी जाणार नाही.

सर तोवर नांदेडहून आले होते. म्हणाले, "मुली इथंच राहतील. ग्रंथालय उघड. दानम्मांना सांग रात्री थांबायचं." उमाशंकर काका म्हणाले, "सर, मुक्कामाचं काही लिहून घ्यायला पाहिजे पालकांचं." सर म्हणाले, "पालक पाण्याच्या पलीकडे आहेत उमाशंकर. लिहून कोण आणतं?" काका थोड्या वेळानं घरून दोन सतरंज्या घेऊन आले.

पण पालकांना कळवायचं कसं? टॉवर बंदच. मी या वेळी चूक करायची नाही असं ठरवून नोटीस लिहिली: सावळखेड येथील सर्व सहा विद्यार्थिनी महाविद्यालयात सुखरूप आहेत. सरांची सही घेतली. काकांकडून जावक नंबर, गोल शिक्का. शिक्का इतका छान उमटला. प्लास्टिकमध्ये घातली. मग लक्षात आलं की ती पलीकडे न्यायला काहीच नाही.

मामा व्हरांड्यात उभे होते. म्हणाले, "पूल बुडला की समदं गाव पलीकडं येऊन बसतंय. बायका तर येतेतच. कागुद काय दाखवतो त्यास्नी एवढ्या लांबून? पोरीच दाखवू की."

सरांनी छत्री घेतली. "पाण्यापासून लांब थांबवाल?"

"सर, घरी मला बी बायको हाय."

पाऊस उतरल्यावर चारला निघालो. सर, मी आणि सहा जणी. गाडी पुलाच्या बऱ्याच अलीकडे चढावर थांबली. पाणी चहासारखं, मधे एक बाभळीचं खोड गोल फिरत होतं. पलीकडे लोक होते. छत्र्या, पोती पांघरलेली माणसं. मामांनी हॉर्न दिला, तीनदा, जसा सकाळी चौकात देतात तसा. पलीकडची माणसं उठून उभी राहिली.

मुली उतरून रस्त्यावर एका ओळीत उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप. हाक मारून काही उपयोग नव्हता, पाण्याचा आवाजच तेवढा. पलीकडून हिरव्या लुगड्यातली एक बाई पुढे आली आणि एक हात लांब करून बोटानं एकेकीला मोजत गेली. पुनम म्हणाली, "आई हाय माझी." म्हणजे कस्तुराबाई. त्यांनी मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग हात खाली घेतला आणि तिथंच चिखलात बसल्या. बाकीच्या बायका त्यांच्याशेजारी बसल्या. पुनमनं दोन्ही हातांनी लिहिल्यासारखं केलं, म्हणजे पेपर लिहिला. पलीकडून कस्तुराबाईंनी तसंच करून दाखवलं. बराच वेळ दोघी हवेत लिहून राहिल्या.

माझ्या हातात ती शिक्क्याची नोटीस होती. मी सरांना विचारलं, "ही कुठं लावू?" सर म्हणाले, "राहू दे." ते गाडीच्या मागे जाऊन उभे होते, छत्री घेऊन, काचेकडे तोंड करून. मला वाटतं मुलींना मोकळं वाटावं म्हणून. बराच वेळ तसेच उभे होते.

आता मुली ग्रंथालयात आहेत. दानम्मा मावशींनी पिठलं-भाकरी केली. मीही जेवलो. कालचा भात मावशींच्या कोंबड्यांना दिला.


शुक्रवार, २६ जुलै

पाणी सकाळी उतरलं. मुली मामांच्याच गाडीनं गेल्या. नोटीस काचेवरून मी आधीच काढून घेतली होती, घडी करून खिशात.

दुपारी सरांसमोर उभा राहिलो. रात्रभर वाक्य तयार केलं होतं. म्हणालो, "सर, बुधवारी सहीशिवाय मी एक नोटीस गावात पाठवली होती. बंदची. पेपर चुकला असता. चूक माझी आहे."

सर कागद वाचत होते. वर न बघता म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. पण तेल लागू देऊ नये."

कागद अजून माझ्या खिशातच होता. तेलाचं त्यांना कुणी सांगितलं असेल? मामा असतील. मामांच्या पोटात काही राहत नाही.

मी थांबलो. मला वाटलं आता काढून टाकल्याचं सांगतील. सरांनी उमाशंकर काकांना बोलावलं.

"पावसाळाभर रोज पाचला मी ठरवीन. तास आणि पेपर वेगवेगळं लिहायचं. मी नसलो तर फोनवर सांगेन, संगमेश्वर माझ्या नावापुढे 'दूरध्वनीवरून' असं लिहील आणि शिक्का मारील. मुक्कामी गाड्या जितक्या आहेत तितक्या प्रती."

काका म्हणाले, "शिक्का हा मारील?"

"चावी याच्याकडे द्या. दुसरी तुमच्याकडे आहेच."

काकांनी कनवटीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. गरम होती. बाहेर आल्यावर म्हणाले, "घ्या साहेब. आता मीच घंटा देत जातो." पण रागात नव्हते. शाईचं पॅड कुठं ठेवतात तेही दाखवलं आणि शिक्का आधी रद्दीवर उठवून बघायचा हे सांगितलं.

ही शिक्षाच आहे असं मला वाटतं. इथून पुढे काही चुकलं तर दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येणार नाही. सरांनी फार विचार करून दिली आहे.

चावी गळ्यातल्या दोऱ्यात, इष्टलिंगाच्या करडगीच्या शेजारी ओवली.


रविवार, २८ जुलै

काल पाचला सरांनी ठरवलं: सोमवारी तास नेहमीप्रमाणे. "सुरू राहील" अशी नोटीस कुणी लिहीत नाही, पण मी लिहिली. सहीसह, शिक्क्यासह. मामा म्हणाले, "आता चालू असल्याची बी नोटीस? पाऊस न्हाई हे बी लिवत जा." पण लावली. मी या वेळी आधी त्यांना हात पुसायला लावले.

आज सकाळी गाडीबरोबर एक डबा आला. कस्तुराबाईंनी पाठवला. चार ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खाली फडक्यात गुळाचा खडा. मामा म्हणाले, "ती म्हणली, त्या शिक्क्यावाल्या पोराला द्या." मला ओशाळल्यासारखं झालं, कारण शिक्का नसल्यामुळेच सगळं निभावलं. हे मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "खा गप."

अव्वाला फोन करून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे त्या राती तू जेवला नव्हतास."

या आठवड्याचा खर्च लिहून ठेवतो. पेट्रोल दीडशे रुपये. मुलींसाठी बिस्किटं साठ. माझा शर्ट धुतला, डाग गेला नाही, तो खर्चात धरत नाही.

देणं: आदर्शची मोटरसायकल धुऊन द्यायची आहे. दूधवाल्याचं नाव विचारायचं राहिलं, त्याला चहा. उमाशंकर काकांच्या सतरंज्या वाळल्या की परत.

आणि कस्तुराबाईंचा डबा. रिकामा देऊ नये म्हणून अव्वाला विचारलं, काय घालून देऊ. ती म्हणाली, "पोरीचा निकाल लागू दे. पेढे घालून दे. तवर ऱ्हाऊ दे आपल्याकडं."

डबा घासून, पुसून फळीवर ठेवला आहे. झाकण उघडं ठेवलंय, वास राहू नये म्हणून.